ओहोटीची शाळा

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत काचेच्या एका उभट बरणीत फॉर्मलिनमध्ये बुडवून ठेवलेला एक तारामासा होता. त्याचा मूळचा रंग कोणता असावा हे सांगणे कठीण झाले होते, कारण वर्षानुवर्षांच्या सहवासाने तो आणि त्याच्या भोवतालचे द्रावण ही दोन्ही एकाच पिवळट वर्णाची झाली होती. बरणीवरील चिठ्ठीची शाई उडून गेली होती, आणि कपाटाची किल्ली हेडक्लार्कच्या खणात कुलूपबंद असल्याकारणाने, तपासणीसाठी वरचे साहेब येत तेवढा दिवस वगळता त्या प्राण्याचे दर्शन आम्हांला सहसा घडत नसे. शाळेपासून समुद्र फर्लांगभर अंतरावर होता. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडपांवर आमच्याच वर्गातली निम्मी मुले आपापल्या आयांबरोबर कालवे काढावयास जात, कुर्ल्यांची बिळे ओळखीत, उधाण केव्हा आणि भांग केव्हा हे बोटांवर मोजून सांगत. परंतु ही मुले आणि ती बरणी यांचा परस्परांशी काही संबंध असू शकेल, ही कल्पना आमच्या शास्त्राच्या मास्तरांच्या मनाला कधी शिवली नाही. मास्तर घाटावरचे, नोकरीनिमित्त कोकणात आलेले, अत्यंत कळकळीचे गृहस्थ होते. रंगीत खडूंनी फळ्यावर ते तारामाशाची अशी सुबक आकृती काढीत, की ती पुसताना आम्हांला वाईट वाटे. मात्र त्या खडपांवर त्यांनी एकदाही पाऊल ठेवले नाही.

पुष्कळ वर्षे मी याचा दोष मनातल्या मनात मास्तरांनाच देत असे. पुढे उमगले की, विद्यार्थ्यांना किनाऱ्यावर नेणे हे शिक्षकाचे काम असेल, तर शिक्षकाला प्रथम किनाऱ्यावर नेणे हे कोणाचे तरी काम असले पाहिजे, आणि ते काम आमच्या मास्तरांच्या बाबतीत कोणीच केलेले नव्हते. हे काम जगात पहिल्यांदा मनावर घेणाऱ्यांपैकी एका माणसाची हकीकत सांगण्यासारखी आहे.

१८७३ सालच्या वसंतात, म्हणजे ज्या वर्षी पुण्यास जोतिराव फुल्यांनी सत्यशोधक समाजाची स्थापना केली त्याच वर्षी, अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे प्राणिशास्त्राचे वृद्ध अध्यापक लुई अगासी हे आपल्या संग्रहालयासाठी द्रव्य जमविण्याच्या खटपटीत होते. जन्माने स्विस, तारुण्यात जीवाश्म माशांवरील ग्रंथांनी आणि हिमयुगाच्या उपपत्तीने युरोपात विख्यात झालेले आणि १८४६ मध्ये अमेरिकेत येऊन तेथेच स्थायिक झालेले हे गृहस्थ वक्तृत्वाच्या बळावर धनिकांच्या थैल्या उघडण्यात वाकबगार होते. त्यांच्या मनात शिक्षकांसाठी समुद्रकाठी उन्हाळी शाळा काढण्याचीही योजना घोळत होती; कारण दहा विद्वान घडविल्याने जे साधत नाही ते दहा शाळामास्तरांचे डोळे उघडल्याने साधते, प्रत्येक मास्तरामागे शेकडो मुले असतात, असा त्यांचा हिशेब होता. या विचारांचे वर्तमान जॉन अँडरसन नावाच्या न्यूयॉर्कच्या तंबाखूच्या एका व्यापाऱ्याने वृत्तपत्रात वाचले, आणि ज्याची अगासींशी पूर्वीची ओळखदेखील नव्हती अशा त्या मनुष्याने मॅसॅच्युसेट्सच्या बझर्ड्स उपसागरातील आपले पेनिकीस नावाचे बेट, त्यावरील घरासह, आणि वर पन्नास हजार डॉलर शाळेसाठी देऊन टाकले.

बेट लहानसे, उघडे, वाऱ्याने झोडपलेले. उद्घाटनाची तारीख ८ जुलै ठरलेली. आणि दोन-तीन दिवस आधी अगासी तेथे जाऊन पाहतात तो विद्यार्थ्यांच्या निवासाची इमारत अर्धवट, आणि सभेसाठी योजलेल्या कोठारात मेंढ्यांचे वास्तव्य. रविवार हा त्या ख्रिस्ती मुलखात सक्तीच्या विश्रांतीचा दिवस; परंतु हे काम कोणाच्या नफ्याचे नसून विद्येचे आहे, असे सांगून म्हाताऱ्याने सुतारांना रविवारीही रंधा चालविण्यास राजी केले. मेंढ्या बाहेर काढून कोठारात जमीन ठोकण्यात आली. आढ्याखालची पाकोळ्यांची घरटी तशीच राहिली आणि नियोजित दिवशी बोटीतून उतरलेल्या सुमारे पन्नास शिक्षक-शिक्षिकांपुढे अगासी उभे राहिले, तेव्हा डोक्यावरून त्या पाकोळ्या ये-जा करीत होत्या. अर्ज शेकड्यांनी आले होते. निवडलेल्यांत जवळजवळ एक तृतीयांश स्त्रिया होत्या. त्या काळी हार्वर्डच्या वर्गांची दारे स्त्रियांना बंद असताना या शाळेत त्यांना सरसकट प्रवेश देण्यात आला, ही गोष्ट त्या पन्नास हजार डॉलरांहून कमी महत्त्वाची मानण्याचे कारण नाही.

आता या शाळेत शिकविले काय? पाठ्यपुस्तक नव्हते आणि परीक्षाही नव्हती. सकाळी खडकांवरून आणि गळांनी, जाळ्यांनी, तळ खरवडणाऱ्या यंत्राने समुद्रातून जे निघेल ते जिवंत आणावे, ताटांत समुद्राचे पाणी भरून त्यात ठेवावे, आणि पाहावे. अगासींच्या अध्यापनाचा सारा मंत्र या ‘पाहावे’ एवढ्यातच होता. त्यांची एक जुनी गोष्ट सर्वश्रुत आहे. सॅम्युएल स्कडर नावाचा तरुण किड्यांचा अभ्यास करण्याच्या इराद्याने त्यांच्याकडे आला असता त्यांनी बरणीतून एक मेलेला मासा काढून त्याच्यापुढे ठेवला, भिंगाला हात लावण्याची मनाई केली, आणि ‘पाहा’ म्हणून निघून गेले. दहा मिनिटांत स्कडरला वाटले की, पाहावयाचे होते ते सारे पाहून झाले. अगासी तासन्‌तास फिरकले नाहीत. कंटाळून त्याने माशाचे चित्र काढावयास घेतले, तेव्हा कोठे त्याला नव्या गोष्टी दिसू लागल्या. संध्याकाळी अगासींनी विचारपूस करून तरीही असमाधान दर्शविले. दुसऱ्या दिवशी सकाळी रात्रभर तळमळलेल्या स्कडरने सांगितले, की माशाच्या दोन्ही बाजू सारख्या असून अवयव जोडीजोडीने आहेत. गुरुजी प्रसन्न झाले, आणि मग पुढे काय करावयाचे असे शिष्याने विचारताच त्यांनी पुन्हा तोच मासा त्याच्यापुढे सरकविला. तीन दिवस हा क्रम चालला. पुढे कीटकशास्त्रात मोठे नाव मिळविलेला स्कडर या तीन दिवसांना आपल्याला मिळालेला कीटकशास्त्राचा सर्वोत्तम धडा म्हणत असे.

पेनिकीसवर अगासींनी शिक्षकांना केलेला उपदेश त्यांच्या एका विद्यार्थ्याने लिहून ठेवला आहे, आणि त्याचा आशय असा की, जे आपल्याला स्वतःला नीट ठाऊक नाही ते शिकविण्याच्या भरीस पडू नये. शाळासमितीने वाटेल तो विषय गळ्यात घालण्याचा हट्ट धरला तर ठामपणे नकार द्यावा. आणि विद्यार्थ्यापुढे ‘मला ठाऊक नाही’ हे शब्द उच्चारण्याची लाज बाळगू नये. आपल्याकडील कोणत्याही खात्यातील कोणत्याही मास्तरला हा दुसरा उपदेश अंमलात आणणे किती अवघड आहे हे जाणकारांस सांगावयास नको.

येथे एक कबुली दिली पाहिजे. अगासी हे काही निर्दोष पुरुष नव्हते. मानववंशांविषयीची त्यांची मते आज वाचवत नाहीत, आणि डार्विनची उत्क्रांतीची उपपत्ती त्यांनी शेवटपर्यंत नाकारली. परंतु गंमत अशी की, त्यांनीच पाहावयास शिकविलेले बहुतेक विद्यार्थी त्याच डोळ्यांनी पाहत पाहत उत्क्रांतिवादी झाले. गुरूचे मत शिष्याने सोडावे आणि गुरूची दृष्टी मात्र राखावी, याहून अध्यापनाचे मोठे यश मला तरी दुसरे ठाऊक नाही.

त्याच वर्षी १४ डिसेंबर रोजी अगासी वारले. १८७४ च्या उन्हाळ्यात त्यांचा पुत्र अलेक्झांडर याने शाळा कशीबशी चालविली, आणि पैशाच्या चणचणीने ती कायमची बंद पडली. बेटावर पुढे १९०५ ते १९२१ पर्यंत महारोग्यांचे रुग्णालय होते. आज तेथे समुद्रपक्ष्यांची वस्ती आहे. अवघे दोन उन्हाळे टिकलेली शाळा, तिचे नाव तरी का घ्यावे, असे कोणी म्हणेल. पण त्या दोन उन्हाळ्यांतील हजेरीपट पाहा. डेव्हिड स्टार जॉर्डन हा मत्स्यशास्त्रज्ञ तेथे होता, जो पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठाचा पहिला अध्यक्ष झाला; विल्यम कीथ ब्रुक्स होता, ज्याने १८७८ मध्ये चेसापीक उपसागराकाठी स्वतःची प्रयोगशाळा काढली; आणि दुसऱ्या वर्षी चार्ल्स ओटिस व्हिटमन नावाचा एक शाळामास्तर होता, जो १८८८ मध्ये वुड्स होल येथील सागरी जीवशास्त्राच्या सुप्रसिद्ध प्रयोगशाळेचा पहिला संचालक झाला. ती प्रयोगशाळा उभी राहिली तीसुद्धा अगासींचा शिष्य अल्फियस हायट आणि बोस्टनच्या स्त्रीशिक्षण मंडळाने ॲनिस्क्वाम येथे आधी चालविलेल्या एका लहानशा वर्गाच्या पायावर. आणि तिच्या आरंभीच्या काळात तेथे येणाऱ्यांत संशोधकांच्या बरोबरीने सुटीत शिकावयास येणारे शिक्षक होते.

या सर्वांत मला विशेष आस्था वाटते ती कॉर्नेलिया क्लॅप या शिक्षिकेविषयी. माउंट होल्योक येथे मुलींना शिकविणारी ही बाई वयाच्या पंचविसाव्या वर्षी १८७४ च्या उन्हाळ्यात पेनिकीसला गेली, आणि परत आल्यावर तिचे पुस्तकी प्राणिशास्त्र संपुष्टात आले. जिवंत प्राणी समोर असल्याखेरीज ती शिकवीना. १८८८ मध्ये वुड्स होलचे दार उघडताच आत शिरणाऱ्या पहिल्यांत ती होती. व्हिटमनने तिला टोडफिश नावाचा एक बेढब, खडकाखाली अंडी घालणारा मासा अभ्यासासाठी नेमून दिला, आणि त्या माशाशी तिची संगत पुढे वर्षानुवर्षे टिकली. दोन विद्यापीठांच्या डॉक्टरेट तिने मिळविल्या. परंतु शाळा सोडली नाही. तिने लिहिलेले शोधनिबंध थोडे. तिने घडविलेल्या विद्यार्थिनी पुष्कळ. शिक्षकाचे प्रशिक्षण म्हणजे त्याला शिकविण्याच्या क्लृप्त्या सांगणे नव्हे, तर काही काळ त्याला पुन्हा विद्यार्थी होऊ देणे, ही गोष्ट तिच्या चरित्रात जितकी स्वच्छ दिसते तितकी कोणत्याही अहवालात दिसणार नाही.

शंभराहून अधिक वर्षांनंतर त्याच देशात एक विलक्षण गोष्ट घडली. १९९६ साली अमेरिकेत शालेय विज्ञानाचे राष्ट्रीय मानदंड प्रसिद्ध झाले, तेव्हा पृथ्वीचा जवळजवळ तीन चतुर्थांश पृष्ठभाग व्यापणारा समुद्र त्यांतून बहुतांशी निसटलेला आढळला. यावर सागरी शिक्षकांनी आणि शास्त्रज्ञांनी मिळून, प्रत्येक विद्यार्थ्याला समुद्राविषयी किमान काय कळले पाहिजे याची सात तत्त्वे २००५ पर्यंत सिद्ध केली. पृथ्वीवर अनेक समुद्र नसून एकच अखंड महासागर आहे. तोच हवामान घडवितो. आपण श्वासाबरोबर घेतो त्या प्राणवायूचा मोठा वाटा त्यातील सूक्ष्म वनस्पतींनी निर्माण केला आहे. आणि त्याचा फार मोठा भाग अद्याप अज्ञात आहे, अशा प्रकारची ती तत्त्वे आहेत. याला ‘सागरसाक्षरता’ असे नाव पडले. तत्त्वे उत्तमच, परंतु तत्त्वे भिंतीवर टांगता येतात आणि समुद्र टांगता येत नाही. म्हणून १९९० पासून अमेरिकेच्या समुद्र व वातावरण खात्याने चालविलेला एक उपक्रम मला अधिक पटतो, ज्यात शाळेतील शिक्षकांना संशोधन जहाजावर प्रत्यक्ष सफरीस नेतात आणि शास्त्रज्ञांबरोबर माशांची मोजदाद करावयास लावतात.

आपल्याकडे यांतले काय आहे? महाराष्ट्राला सुमारे ७२० किलोमीटरचा किनारा आहे. मुंबईत १९५१ पासून तारापोरवाला मत्स्यालय होते, रत्नागिरीस कोकण कृषी विद्यापीठाचे सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे, गोव्यात दोनापावला येथे १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, आणि मालवणचा समुद्र १९८७ पासून अभयारण्य आहे. विद्वत्तेचा तुटवडा आहे असे म्हणता येणार नाही. पर्यावरण हा विषय शाळेत सक्तीचा करावा, असा सर्वोच्च न्यायालयाचा हुकूम १९९१ सालीच झाला. पुढे २०२० च्या शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाला दरसाल पन्नास तासांचे प्रशिक्षण घेण्याची तजवीज केली. पन्नास तास म्हणजे पेनिकीसच्या मानाने आठवडाभर. परंतु तो आठवडा कोठे घालवावयाचा, हा प्रश्न आहे. सध्याची रीत अशी की, राज्याच्या पातळीवर काही जणांना शिकवावयाचे, त्यांनी जिल्ह्यांत येऊन काहींना, त्यांनी तालुक्यांत काहींना, आणि शेवटी केंद्रातील शिक्षण परिषदेत चहा-बिस्किटांच्या आगेमागे तो विषय पडद्यावरील चित्रांच्या रूपाने गुरुजींच्या आणि बाईंच्या पुढ्यात यावयाचा. ओंजळीतले पाणी असे चार हातांतून गेले की शेवटच्या हाताला नुसता ओलावा लागतो. यात कोणाची लबाडी आहे असे नव्हे. कागदावर सारे काही यथासांग असते, हजेरी असते, प्रमाणपत्रही असते.

दुसरी अडचण मोठी मौजेची आहे, आणि ती कोणत्याही परिपत्रकात सापडावयाची नाही. कोकणात भरतीची वेळ काढण्याचा जुना ठोकताळा असा, की तिथीची पाऊणपट करावी. चतुर्थी असेल तर तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या सुमारास. ठिकाणागणिक थोडाफार फरक पडतो इतकेच. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा माथ्यावर येतो, आणि त्यामागोमाग भरतीही तितकीच मागे सरकते, हे खगोल त्या पाऊणकीत सामावलेले आहे. आता हिशेब पाहा. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. म्हणून पौर्णिमा-अमावास्येची, म्हणजे उधाणाची खोल ओहोटी, पहाटे आणि संध्याकाळी सहाच्या आगेमागे पडते. शाळा अकरा ते पाच. शाळेच्या वेळेत, भर दुपारी, पूर्ण ओहोटी मिळते ती अष्टमीच्या सुमारास, आणि तेव्हा भांग असतो, पाणी फारसे हटतच नाही. मुंबईला उधाणाच्या भरती-ओहोटीतील अंतर सरासरीने साडेतीन मीटरांहून अधिक असते, तर भांगाला ते दीड मीटरच्या आसपास येते. म्हणजे समुद्राने आपले दालन उघडावे तेव्हा शाळेला कुलूप असते, आणि शाळा भरलेली असते तेव्हा समुद्राने दार जेमतेम किलकिले केलेले असते. हा ठोकताळा ज्याला ठाऊक नाही त्याने काढलेली किनारासहल बहुधा वाळूवरील क्रिकेटात संपते.

आणि जो पहाटे जाईल त्याला काय दिसेल? खडपाच्या वरच्या कडेला चुन्याच्या बारीक शंकूंसारखी बार्नकले, त्यांच्या खाली कालवे, त्याहून खाली हिरवे-तांबडे शेवाळ आणि डबक्यांतील समुद्रफुले, असे पट्टे एकाखाली एक लागलेले असतात. हे पट्टे का पडतात याचा उलगडा करण्यासाठी मोठी यंत्रे लागत नाहीत. १९६१ साली जोसेफ कॉनेल याने स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरील आपले काम प्रसिद्ध केले, त्यात त्याने दोन जातींच्या बार्नकलांपैकी खाली राहणारी जात काही खडकांवरून खरवडून काढली मात्र, तोच वर राहणारी जात खालीही सुखाने नांदू लागली. यावरून दिसून आले की, तिला वर ढकलणारे पाणी नसून शेजारीण आहे, आणि शेजारणीला वर चढू न देणारे काही असेल तर ते ऊन. एक सुरी, एक वही आणि पुन:पुन्हा त्याच खडकाकडे जाण्याची चिकाटी, एवढीच या प्रयोगाची सामग्री. मीटरभर लांबरुंदीची लाकडी चौकट घेऊन दर पौर्णिमेला एकाच जागी ती टेकवावी आणि आत काय व किती आहे ते मोजावे, एवढे काम, काहीही न खरवडता, जिल्हा परिषदेच्या शाळेतील चौथीची मुलेही करू शकतील, आणि ‘परिसर अभ्यास’ या नावाला त्यामुळे काही अर्थ प्राप्त होईल. जिवंत तारामाशाच्या पोटाखालची शेकडो नलिकापादांची हालचाल, त्याने कालवाचे शिंपले दमाने ओढून उघडणे आणि स्वतःचे जठर बाहेर काढून त्यात घालणे, हे आमच्या मास्तरांना एकदा जरी पाहावयास मिळाले असते तरी त्यांच्या त्या सुबक आकृतीचे काय झाले असते, याची मी कधी कधी कल्पना करतो.

दोन वर्षांपूर्वी माघी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी रत्नागिरी जिल्ह्यातील सात-आठ शिक्षक-शिक्षिकांबरोबर पहाटे खडपावर जाण्याचा योग मला आला. सरकारी आदेश नव्हता. एका उत्साही केंद्रप्रमुखांनी आपल्या हिमतीवर जमविलेली मंडळी होती, आणि बरोबर दोघी-तिघी मुलीही आल्या होत्या. एका डबक्यात बोटभर लांबीचे, जांभळट, गोगलगाईसारखे पण शिंपला नसलेले काहीतरी सरकत होते. ‘बाई, हे काय?’ असे एका मुलीने विचारले. बाईंनी पुस्तकातील ओळखीचे नाव ठोकून देण्यासाठी तोंड उघडले, मग मिटले, आणि साडीचा ओचा सावरून त्या डबक्याशेजारी खाली बसल्या. बाजूला कालवे काढणाऱ्या एका म्हाताऱ्या मावशींना त्यांनी हाक मारली. मावशींनी वाकून पाहिले, त्या प्राण्याला काही खास नाव नसून तो ‘कुचकामी, खात नाहीत’ असा निर्वाळा दिला, आणि पावसाळ्यानंतरच तो या बाजूला दिसतो असेही सांगितले. ही शेवटची माहिती बाईंनी वहीत टिपली, आणि पाणी वर चढू लागेपर्यंत त्या पेन्सिलीने त्याचे चित्र काढीत होत्या. त्याचे शास्त्रीय नाव अजून लागलेले नाही. चित्राची प्रत माझ्याजवळ आहे, आणि पुढच्या पौर्णिमेला ते डबके पुन्हा पाहावयाचे ठरले आहे.